लिमलेटच्या गोळ्या आणि गूगल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दिवाळीत आपल्या ग्रुपवर कोकणातल्या एका मित्राने विचारलं होतं, "एजन्सी तीस हजार मागतेय. वीस वेबसाइटवर माझ्या होमस्टेबद्दल लेख आणणार, प्रत्येकात माझी लिंक. गूगलमध्ये वर येईन म्हणतात. करू का?" त्यावर पंचवीस अंगठे आले, उत्तर एकही नाही. मी तर याच क्षेत्रातली, पण मीही गप्प बसले. कारण हे करून मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. ते आज सांगते.

लिंकला एवढं मोल का? १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली. एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली की ती शिफारस धरायची, आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत किती, त्यावर तिचं वजन ठरवायचं. आपल्याकडे मॉनिटर निवडताना हेच व्हायचं. मागच्या बाकावरच्या दहा जणांपेक्षा बाईंचा एक शब्द भारी. लिमलेटच्या गोळ्या वाटून शिफारशी मिळवणारेही होतेच. (समोरच बसलेत, नाव घेत नाही.)

इंटरनेटवरही गोळ्या वाटणं सुरू झालं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर पाहुणा म्हणून लिहायचं, ती गेस्ट पोस्ट. मुळात प्रामाणिक प्रकार. पुढे लेख नावापुरता उरला आणि लिंक विकली जाऊ लागली.

माझ्या मोठ्या जाऊबाई साड्या विकायच्या. त्यांची वेबसाइट मी केली आणि २०११ मध्ये असेच पंधरा लेख विकत घेतले. एक तर नळदुरुस्तीच्या वेबसाइटवर होता, पैठणीबद्दल! तरी आम्ही वर आलो आणि मी घरभर मिरवले. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा लिंकांना पकडणारा पेंग्विन नावाचा बदल आणला. आम्ही कुठल्या कुठे गेलो, ऑर्डरी आटल्या. जाऊबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. लिंक काढा म्हणून मी महिनोन्‌महिने पत्रं पाठवली. काहींनी काढायचेही पैसे मागितले.

२०१६ पासून पेंग्विन अशा लिंक सापडल्या की बहुतेक वेळा मोजतच नाही. म्हणजे तुझे तीस हजार बहुधा पाण्यात. प्रकार मोठा दिसला तर माणसांकडून तपासून कारवाई होते, ती वेगळीच. गूगलमध्ये हे काम पाहणाऱ्या मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच लिहिलं होतं की लिंकसाठी गेस्ट पोस्ट करणं आता थांबवा. वाचकांसाठी लिहायला त्यांची ना नव्हती.

तेव्हा मित्रा, लिही, पण स्वतः लिही. वेळासच्या कासव महोत्सवाला येणाऱ्यांनी कुठे उतरावं, भरतीची वेळ कशी बघावी, हे निसर्गप्रेमी खरोखर वाचतात अशा ठिकाणी दे. तिथली लिंक गूगलने मोजू नये अशी खूण केलेली असली तरी चालेल, वाचणारा माणूस फोन करतोच. त्याआधी गूगल मॅपवरची तुझी नोंद नीट कर. मी पाहिली, फोन नंबर जुना आहे आणि फोटोत घर नाही, तुझी मोटरसायकल आहे.

जेवण झाल्यावर मी आठवी ब च्या वर्गात बसते. पासवर्ड घेऊन ये.