मधुमेही शेतकऱ्याने नियमित का चालावे?

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक. पण आज पिकाऐवजी पीक पिकवणाऱ्याविषयी बोलणार आहे. "आम्ही शेतात राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" असे आपण म्हणतो. पण आता नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर मोटारसायकलने जाणे होते. अनेकांची अंगमेहनत हंगामापुरतीच उरली आहे.

पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीची ८० पेक्षा जास्त असणे, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी वाढणे, या गोष्टी एकत्र आल्या की हृदयविकाराचा धोका वाढतो. त्या सहसा दुखत-खुपत नाहीत. म्हणून तपासणी करून घ्यावी.

काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. नंतरही इन्शुलिन अधिक चांगले काम करते. नियमित व्यायामाने रक्तदाब व चरबीही उतरते. मात्र साखरेवरचा परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. पेरणीच्या वेळी एकदाच भरपूर पाणी दिले म्हणून पीक काढणीपर्यंत तग धरत नाही; पाण्याची पाळी लांबली की ताण बसतोच. तसेच सुगीतले कष्ट उन्हाळ्यात उपयोगी पडत नाहीत.

चीनमधील दाचिंग शहरात साखर वाढू लागलेल्या ५७७ जणांचा अभ्यास १९८६ साली सुरू झाला. ज्यांनी सहा वर्षे आहार, व्यायाम किंवा दोन्ही सांभाळले, त्यांच्यात ३० वर्षांनंतर हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे झपाझप चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, असा वेग ठेवावा.

२) सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

३) आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करावा.

४) मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, अनवाणी चालू नये, रोज तळपाय पाहावेत.

५) इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, चक्कर आल्यास लगेच खावी.

६) छातीत दडपण वा दम लागल्यास थांबून ताबडतोब दवाखाना गाठावा. मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो.

औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. पिकाची पाळी आपण चुकू देत नाही. तेवढीच काळजी स्वतःच्या शरीराची घ्यावी, ही विनंती.