केस कोणाकडे आहे?

आरती व्हायची आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील इथल्याच एका रुग्णालयात न्यूमोनियानं दाखल होते. हृदयाचे डॉक्टर सकाळी येत, म्हणत पाणी बेतानं द्या. दुपारी किडनीचे येत, म्हणत भरपूर द्या. रात्री ताप चढला की ड्यूटीवरचा मुलगा म्हणे, ‘सर आले की विचारतो.’ मी स्वतः डॉक्टर, पण तिथे नुसता नातेवाईक!

अमेरिकेत १९९६ साली वॉक्टर आणि गोल्डमन या दोन डॉक्टरांनी एका लेखात ‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द रूढ केला. हा डॉक्टर बाहेर दवाखाना चालवत नाही. दाखल झालेला रुग्ण हेच त्याचं काम. तपासण्यांचे निकाल तो त्याच दिवशी बघतो, तज्ज्ञांच्या सूचनांचा मेळ घालतो, घरी सोडताना कोणती गोळी बंद, कोणती चालू हे नीट लिहून देतो. आपल्याकडे अशी पदं अजून थोडीच आहेत.

त्यात एक उणीव आहेच. तो रुग्णाला आधीपासून ओळखत नाही. आपल्या आई-वडिलांचे फॅमिली डॉक्टर तर राहिले तिकडे सांगली-अकोल्याला, आणि बाबांना इथली भाषा येत नाही. म्हणून चालू गोळ्यांची यादी, प्रमाणासकट, पाकिटात ठेवा. दाखल केल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, ‘पूर्ण केस कोणाकडे आहे?’ आणि ते नाव लिहून घ्या. मी तेव्हा चौथ्या दिवशी विचारलं होतं.