गुन्हा कशाचा, हक्क कशाचा?



२०१२ साली दोन स्त्रिया मरण पावल्या. मे महिन्यात बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे, मुलीचा गर्भ म्हणून तो पाडला जात असताना एक विवाहिता दगावली. ऑक्टोबरात आयर्लंडमधील गॉलवे शहरात मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार जंतुसंसर्गाने गेल्या. त्यांचा गर्भ वाचणार नव्हता, गर्भपाताची विनवणी त्यांनी वारंवार केली होती. पण गर्भाचे ठोके चालू असेपर्यंत कायदा परवानगी देत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. परळीच्या मृत्यूवरून गर्भपातच बंद करा, असे म्हणणाऱ्यांनी गॉलवेच्या मृत्यूचेही उत्तर द्यावयास हवे. आयरिश जनतेने ते २०१८ च्या सार्वमतात दिले. सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी बंदी उठवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेमकी उलटी वाट धरली.

भारतात हा वाद १९७१ मध्येच मिटला, असे समजले जाते. ते अर्धसत्य होय. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून पुढे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. परंतु दंडसंहितेतील कलम ३१२ तसेच राहिले आणि जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेत कलम ८८ म्हणून नांदते आहे. म्हणजे गर्भपात मुळात गुन्हा, आणि डॉक्टरने ठरावीक कारणांसाठी केला तर माफ. स्त्रीचा हक्क म्हणून तो कायद्याने कधी मान्य केलाच नाही. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरले, काही विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही ही मुदत लागू असल्याचा निर्णय दिला. ही प्रगती खरी, पण सही अद्याप डॉक्टरचीच.

आता बीडकडे वळावे. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे येथे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ राहिल्या. राज्यात हा आकडा सर्वांत खाली होता. परळी प्रकरणातील डॉक्टर दाम्पत्याला २०१९ मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. ती योग्यच होती. पण गुन्ह्याचे मूळ लिंग तपासण्यात, मुलगी म्हणून गर्भ नाकारण्यात होते. ऐंशीच्या दशकात मुंबईत चळवळ उभारणाऱ्या कार्यकर्त्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी लिंगनिदानाविरुद्ध कायदा मागितला, गर्भपाताविरुद्ध नव्हे. आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

पुढे हा भेद पुसला गेला. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाने मोठे काम केले आणि मोठे नुकसानही. ‘हत्या’ म्हटले की प्रत्येक गर्भपात खून वाटू लागतो. परळीनंतर धाडी पडल्या. नियमाने काम करणारे डॉक्टरही हात आखडू लागले आणि गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे अनेक औषध दुकानदारांनी बंद केले. पैसेवाल्यांनी आपली वाट शोधलीच. अडली ती कोयत्यावर जाणारी बाई.

तिची स्थिती कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, खाडा पडला तर दंड. दिवाळीच्या सुमारास टोळी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात उतरते. पाळी चुकल्याचे फडात ध्यानी आले, तर परक्या मुलखात मान्यताप्राप्त केंद्र कोठे, हे तिला कोण सांगणार? बारा आठवडे उसाच्या मोळ्या बांधण्यातच सरतात. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. ज्या व्यवस्थेला तिचे गर्भाशय काढावयास डॉक्टर सापडतो, त्याच व्यवस्थेला तिचा नको असलेला गर्भ वेळेवर, सुरक्षितपणे काढावयास तो सापडत नाही!

जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेला पापिणी ठरवणारे पुष्कळ होते. त्यांनी तिला दार उघडून दिले.

बीडमध्ये दार उघडणे म्हणजे काय? तालुक्याच्या ठिकाणी, केजला, धारूरला, आष्टीला, सरकारी रुग्णालयात गर्भपाताची सोय आहे काय, आठवड्यातून किती दिवस आहे, याची चौकशी कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी करावी. बेकायदा सोनोग्राफीवर नजर ठेवावीच. ते काम सुटता कामा नये. आणि सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवले जाते, तेथे तिच्याबरोबर जाऊन दाखवावे की कायद्यात फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही.