शहाण्यांनी कोर्टाची पायरी चढावी

(रावेर येथे बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण मुलांना बालपणापासून ऐकवितो. भांडखोराला तो उपदेश योग्यच आहे. परंतु वकील, अभियोक्ता, तज्ज्ञ म्हणूनही शहाण्यांनी तेथे जायचे नाही, तर न्याय कोणाच्या हाती राहील?

नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला. राघोबादादांना दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्र्यांचा निर्भीडपणा आपण गौरवितो. त्याआधी त्यांनी केलेली चौकशी मात्र विसरतो. त्या प्रकरणातील ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. कागदावरील अक्षर बदलले आहे काय, हे तपासणे आज एक शास्त्र आहे. बोटांचे ठसे, रक्त, विष यांच्या परीक्षेसह ते न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीला शिकवितात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्यासाठी शासकीय संस्था आहेत. विधी शाखेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम तर कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना खुला आहे; त्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

या शिक्षणाची निकड आता वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्या कलम १७६ मध्ये आहे. ती अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती व जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक झाले आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, फिर्याद नोंदविता येते. मध्य प्रदेशाच्या सीमेवरील आपल्या तालुक्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पंचनामा सदोष झाला, मुद्देमालाची मोहोर नीट लागली नाही, तर अपराधी सुटतो. किंवा निरपराध माणूस वर्षानुवर्षे तारखांना खेटे घालतो. दोन्हींत समाजाची हानीच आहे.

पालकांनी एक लक्षात घ्यावे. हा मार्ग झटपट यशाचा नाही. मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे. तेवढा धीर धरण्याची तयारी हवी. डॉक्टर, इंजिनीअर होणाऱ्यांचे कौतुक आपण करतोच. या पायरीवर निष्ठेने उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनाही घराने तेच बळ द्यावे, एवढीच विनंती.