बोटावरची शाई आणि फोटोखालची ओळ



३० जानेवारी २००५, रविवार. सकाळी अकराला हुतात्म्यांसाठीचा भोंगा झाला आणि संध्याकाळी मी एका दैनिकाच्या डेस्कवर जाऊन बसलो. त्या दिवशी इराकमध्ये मतदान होतं. एजन्सीकडून फोटोंचा नुसता पाऊस पडत होता. त्यातला एक उचलला : काळा अबाया घातलेली म्हातारी, वर केलेली तर्जनी, पेरापर्यंत जांभळी शाई. आकडाही आला, मतदान ७२ टक्के! खुद्द इराकी निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्याने दिलेला. मी मथळा ठोकला, डाक आवृत्ती सुटली. नंतर आयोगच ६० टक्क्यांवर उतरला. शहर आवृत्तीत दुरुस्ती झाली. तालुक्याच्या वाचकाकडे मात्र ७२च गेले. अंतिम आकडा ५८ निघाला.

आकड्याचं सोडा, तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. माझी खरी चूक फोटोखाली होती. मी लिहिलं होतं, ‘अमेरिकेने दिलेला हक्क इराकींनी बजावला.’

दिलेला? नोव्हेंबर २००३मध्ये पॉल ब्रेमर यांच्या अमेरिकी कब्जेदार प्रशासनाने जी योजना ठरवली, तीत हंगामी विधिमंडळाची थेट निवडणूक नव्हतीच. प्रांतोप्रांती निवडक मंडळींच्या बैठका भरवायच्या आणि त्यांनी ते निवडायचं, असा बेत होता. नजफचे शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी अडून बसले. राज्यघटना लिहिणारे लोक आम्हीच मत देऊन निवडणार, हे त्यांनी २००३च्या उन्हाळ्यातच फतवा काढून सांगितलं होतं. जानेवारी २००४मध्ये बगदादच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली, संयुक्त राष्ट्रांना मध्ये यावं लागलं, आणि बैठकांची योजना गुंडाळली गेली. म्हणजे त्या म्हातारीचं मत कब्जेदाराकडून झगडून घेतलेलं होतं. २ फेब्रुवारीला बुश यांचं भाषण ऐकायला आलेले काही अमेरिकी खासदार मात्र स्वतःचीच बोटं जांभळी करून बसले होते. लग्न एकाचं, वरातीत घोड्यावर दुसराच!

परक्या फौजेच्या छायेतल्या निवडणुकीची बातमी बहुतेकदा रांगेपाशी सुरू होते आणि रांगेपाशीच संपते. सप्टेंबर १९६७मध्ये दक्षिण व्हिएतनामात अध्यक्षपदासाठी मतदान झालं, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ८३ टक्के मतदानाची आणि वॉशिंग्टनच्या समाधानाची बातमी दिली. जनरल मिन्ह यांना उमेदवारीच नाकारली होती आणि निवडून आलेल्या थिएउ यांना जेमतेम ३५ टक्के मतं होती. त्या मथळ्यात याचा मागमूस नव्हता. पाच महिन्यांत कम्युनिस्ट फौजांचा देशभरातला टेटचा हल्ला झाला.

इराकमध्ये मैदान कसं आखलं होतं, हेही बघा. संपूर्ण देशाचा एकच मतदारसंघ, हंगामी सभेच्या २७५ जागा आणि मत पक्षाच्या यादीला. जिवाच्या भीतीने बऱ्याच उमेदवारांची नावं शेवटपर्यंत उघड झाली नव्हती. वाहनांना बंदी, म्हणून लोक चालत आले. आंतरराष्ट्रीय निरीक्षक मंडळाचं ठाणं शेजारच्या जॉर्डनमध्ये, अम्मानला! निवडणूक एका देशात, निरीक्षण दुसऱ्या देशातून. असला प्रकार आपल्या ग्रामपंचायतीतही कोणी खपवून घेणार नाही. ‘अल जझीरा’चं बगदादचं कार्यालय तर आदल्या ऑगस्टमध्येच बंद केलेलं.

एकच मतदारसंघ केल्याचा फटका सुन्नी अरबांना बसला. प्रांतवार जागा असत्या, तर सुन्नीबहुल अनबार प्रांतात थोडी मतं पडूनही अनबारचेच प्रतिनिधी निवडून गेले असते. फालुजा शहर अनबारमध्येच, आणि तिथे अमेरिकी फौजांनी नोव्हेंबरात मोठी लढाई केली होती. बहिष्कार होता, धमक्या होत्या, घरं पडलेली होती. त्या प्रांतात मतदान झालं २ टक्के. आणि हीच सभा राज्यघटना लिहिणार होती.

त्या रात्रीच्या फोटोंच्या ढिगात अनबारचा एकही फोटो आठवत नाही. मी तो मागितलाही नव्हता.