१ ऑगस्ट : एक तारीख, दोन पुस्तके



दिनविशेषाच्या फलकावर जन्म आणि मृत्यू शेजारी शेजारी लिहिले जातात. वाचक ते क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. परंतु १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवसापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे, असे त्यात बरेच काही आहे.

त्या दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्यासाठी अथांग जनसागर लोटला. त्याच तारखेला महात्मा गांधींनी ‘कैसर-इ-हिंद’ पदक व्हाइसरॉयकडे परत पाठविले आणि असहकाराच्या चळवळीस प्रारंभ झाला. आणि त्याच दिवशी, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मातंग समाजातील एका दरिद्री कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना अण्णा भाऊ साठे या नावाने ओळखले.

तारखांचा हा योग केवळ योगायोग होय. त्यात दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो दोघांच्या ग्रंथांशी असलेल्या नात्याचा.

१९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. स्वातंत्र्य हिरावले गेले, तरी तेथे त्यांना ग्रंथ मिळू शकले. त्या ग्रंथांच्या सोबतीने त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, वाटेगावचा तो मुलगा कोणत्याही तुरुंगात नव्हता. तरीही त्याचे शाळेत जाणे दीड दिवसांतच संपले. कुटुंबासह तो पायी मुंबईस आला. पुढे तो गिरणीत राबला आणि दुकानांच्या पाट्या व भिंतींवरील जाहिराती यांच्या आधारे अक्षरे जुळवीत वाचू लागला. त्याच हातांनी लिहिलेली ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

कैद्याला ग्रंथ मिळाले आणि मोकळ्या मुलाला शाळा मिळाली नाही. ही विसंगती त्या मुलाच्या कुवतीची नव्हे, समाजव्यवस्थेची होती.

सीमाभागाशी दोघांचाही संबंध आहे. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावी झाली. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. सीमाभाग मागे राहिल्याची व्यथा तीत आहे. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ निवर्तले.

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने या तारखेचा अर्थ असा घ्यावा. त्याच्या कपाटात ‘गीतारहस्य’ आणि ‘फकिरा’ ही दोन्ही पुस्तके असली पाहिजेत, यात शंका नाही. परंतु तेवढ्याने ग्रंथालयाचे कर्तव्य संपत नाही. पाट्या वाचून अक्षरे शिकणारे मूल आजही कोठे ना कोठे रस्त्यावर उभे असते. ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडण्यास त्याला संकोच वाटू नये, वर्गणीवाचून त्याला परत फिरावे लागू नये आणि कोणी तरी त्याच्या हाती पहिले पुस्तक द्यावे. ज्या ग्रंथालयात हे घडते, त्याचे शतक सार्थकी लागले असे म्हणता येईल.