गळ्यातली ग्रंथी आणि घरातला पाळणा



आज आम्ही तुम्हाला धडा शिकवायला उभे नाही. आम्ही स्वतः जो धडा उशिरा शिकलो, तो सांगायला उभे आहोत.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पस्तीस वर्षे मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. गंडेदोरे खोटे, अंगारे-धुपारे खोटे, असे आम्ही मुलांना शिकवले. पण आमच्याच घरात प्रसंग आला, तेव्हा आम्ही तोंड मिटून बसलो.

आमच्या मुलाचे लग्न होऊन चार वर्षे झाली. घरात पाळणा हलेना. गाव विचारू लागले. "मास्तर, नातू कधी?" पाण्याला गेले तरी तेच, बाजारात गेले तरी तेच. सुनेची पाळी कधी दोन महिन्यांनी येई. आली की आठ-दहा दिवस थांबत नसे. ती दुपारी बसल्या जागी पेंगायची. चैत्राच्या उन्हात अंगावर शाल घ्यायची. केस गळायचे, आवाज जाड झाला होता. खाणे थोडे, पण अंग सुजल्यागत वाढत चालले होते. घरातून बोलणी सुरू झाली. "आळशी आहे. कामाला नको, म्हणून सोंग करते." पुढे एक वाईट शब्दही निघाला. तो शब्द आम्ही ऐकला आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. मंडळी, तो आमचा पहिला गुन्हा.

एकदा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी सुनेकडे नीट पाहिले. म्हणाल्या, "हिला तालुक्याच्या दवाखान्यात न्या. थायरॉईडची तपासणी करा."

आता थायरॉईड म्हणजे काय? आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला, घाटीच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. ती एक रस तयार करते. हा रस रक्तातून सगळ्या अंगभर फिरतो. चुलीत जाळ नीट असला तर भाकरी फुगते, दूध तापते. जाळ मंद झाला तर सगळाच स्वयंपाक रखडतो. हा रस म्हणजे शरीराचा जाळ समजा. तो कमी पडला की माणूस थकतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते. बाईची पाळी बिघडते. दर महिन्याला स्त्रीबीज पिकून बाहेर पडायचे, ते वेळेवर पडत नाही. मग दिवस राहणार कसे? यात त्या बाईचा दोष कुठे आला?

डॉक्टरीणबाईंनी सुनेचे रक्त तपासले. त्या तपासणीला टी.एस.एच. म्हणतात. तुम्ही म्हणाल, मास्तर, हे आणि काय? सोपे आहे. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी असते. ती मुकादम. गळ्यातली ग्रंथी मजूर. मजूर ढिला पडला की मुकादम ओरडतो. टी.एस.एच. म्हणजे मुकादमाचे ओरडणे. ओरडणे जितके जास्त, तितका मजूर ढिला. बहुतेक निरोगी माणसांत हा आकडा साधारण अर्धा ते चारच्या आसपास असतो. आमच्या सुनेचा अठरा निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलालाही आणा. त्याचीही तपासणी करू." आमचा मुलगा लाजला. आम्ही म्हटले, "अरे, बी आणि जमीन दोन्ही बघितल्याशिवाय शेतकरी पिकाला नावं ठेवतो का?" तो गेला. त्याची तपासणी ठीक निघाली. पण पुष्कळ घरांत दोष पुरुषाकडे असतो आणि शिव्या बाई खाते. हे ध्यानात ठेवा.

सुनेला रोज एक लहानशी गोळी सुरू झाली. गोळीत काय असते? ग्रंथी जो रस करते, तोच. हे औषध काही नवे नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी एका आजारी बाईला मेंढीच्या याच ग्रंथीचा अर्क दिला. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आता मेंढी लागत नाही. औषध कारखान्यात तयार होते.

दोन महिन्यांत सून हसू-बोलू लागली. पाळी रांगेला लागली. सातव्या महिन्यात दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. आणि इथेच आमचा दुसरा गुन्हा घडला.

घरातून निघाले, "आता ती गोळी बंद कर. गरम पडंल. पोटातल्या लेकराला बाधंल." सून आमच्याकडे आली. म्हणाली, "मामा, तुम्ही शिकलेले आहात. गोळी घेऊ का नको?" आम्ही डॉक्टरांना विचारले नाही. घरात वाद नको म्हणून म्हणालो, "सासूबाई म्हणतात तसं कर."

दहाव्या आठवड्यात गर्भ पडला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गर्भ पडायला कारणं अनेक असतात. गोळी थांबवली म्हणूनच पडला, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण गोळी थांबवायची नव्हती. उलट वाढवायची होती. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले तीन महिने काम करीत नाही. तोवर बाळ आईच्या रसावर वाढतं. त्याचा मेंदूसुद्धा."

मंडळी, त्या रात्री आम्ही जेवलो नाही. सून मात्र एक शब्द बोलली नाही. तिने बोलून दाखवले असते, तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सांगितले, "पोरी, चूक माझी आहे." घरच्या मंडळींनाही डोळ्यांत पाणी आले. त्यांनी सुनेला जवळ घेतले.

पुढे वर्षभराने पाळी चुकली, तशी सून आठवड्याच्या आत दवाखान्यात गेली. गोळी वाढवून मिळाली. दर महिन्याला रक्त तपासले. रोज पहाटे घरच्या मंडळी स्वतः पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन तिच्यापुढे उभ्या राहत. आज आमची नात दोन वर्षांची आहे. जन्मल्यावर तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तिचीही ग्रंथी तपासली. ती ठणठणीत आहे.

आता हाताची पाच बोटे पुढे करा आणि पाच गोष्टी मोजा.

पहिली गोष्ट. मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनी तपासून घ्यावे. बाईने थायरॉईडची तपासणी जरूर मागावी.

दुसरी. गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. मग अर्धा तास, जमल्यास तासभर चहा नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यावी. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही.

तिसरी. गोळी कमी-जास्त झाली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. मूल हवे असेल, तर आकडा अडीचच्या खाली आणावा असे बरेच डॉक्टर सांगतात. आपल्या मनाने गोळी वाढवू नये. शेजारणीची घेऊ नये.

चौथी. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. दिवस गेल्यावर गोळी बंद करू नये. ती बाळाला बाधत नाही, बाळाला लागते.

पाचवी. घरात आयोडीनचे मीठ वापरावे आणि बरणीला झाकण ठेवावे. आयोडीन नसेल तर ही ग्रंथी रस करू शकत नाही. म्हणून तर १९६२ साली सरकारने गलगंडाविरुद्ध मोहीम काढली. पण आजार एकदा जडला, तर जादा मीठ खाऊन तो जात नाही. पुष्कळदा शरीर स्वतःच आपल्या ग्रंथीवर उलटलेले असते. तिथे गोळीच हवी.

पाच बोटे झाली. आता मूठ मिटा. ही मूठ घरच्या माणसांची. गोळी सून घेईल. पण तिला धीर आपणच द्यायचा आहे. कोणी तिला वाईट शब्द बोलले, तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरू नका. आम्ही धरले होते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचा. तपासणीच्या कागदावरचा आकडा वाचा. समजले नाही तर विचारा. विचारायला लाजू नका. हेडमास्तर लाजला, आणि काय झाले ते तुम्ही ऐकलेच.